फाटकापासून ठाण्यापर्यंत

ती घटना माझ्या डोळ्यांसमोर आजही लख्ख आहे, आणि गंमत अशी की तिचा गुन्हा कुठेच दाखल झाला नाही. स्टेशन डायरीतली चार ओळींची नोंद, एवढाच तिचा कागद. नोकरीत मी खून, दरोडे, दंगली यांच्या कागदपत्रांचे गठ्ठे पुष्कळ बांधले. त्यातले कित्येक चेहरे आता आठवत नाहीत. पण निवृत्त झाल्यापासून कुणी "साहेब, एखादी केस सांगा ना" म्हटलं, की मला आधी आठवतो तो एक साधा मोबाइल आणि त्यात भरलेले रस्त्यांचे फोटो. ऐकणाऱ्याची थोडी निराशा होते. त्याला पिस्तूल हवं असतं.

नावं मी कुणाचीच घेणार नाही. ज्या माणसाची ही गोष्ट आहे त्याने माझ्याकडे मागितलं ते एवढंच होतं.

नाशिकच्या एका वाढत्या उपनगरातल्या पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या हद्दीत द्राक्षाचे मळे होते; आता तिथे रो-हाऊसच्या रांगा आहेत. एकाच बिल्डरने बांधलेल्या, एकाच रंगाच्या, एकाच नमुन्याचं फाटक असलेल्या. समन्स बजावायला गेलेला आमचा शिपाईसुद्धा तिथे हमखास चुकीच्या घराची बेल वाजवून यायचा. नव्या माणसाला खूण म्हणून धरायला काय, तर पाण्याची टाकी, गणपतीचं मंदिर आणि लांबवर दिसणारा पांडवलेण्यांचा डोंगर.

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. हा आमच्या कसोटीचा हंगाम. माणसं गावाला जातात, जाताना बॅगांसकट फोटो टाकून सगळ्या जगाला कळवून जातात, आणि परत आल्यावर कडी-कोयंडा तुटलेला दिसला की पोलीस काय करत होते म्हणून विचारतात. त्या महिन्यात हद्दीत लागोपाठ घरफोड्या झाल्या होत्या आणि वरून रोज विचारणा होत होती. आम्ही गस्त वाढवली, कॉलन्यांमध्ये बैठका घेतल्या, आणि "अनोळखी माणूस दिसला तर लगेच कळवा" असं मीच माइकवर सांगितलं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की कुरिअरवाला, मीटर वाचणारा आणि एकाचा सख्खा मेहुणासुद्धा आमच्यापर्यंत येऊन पोचला.

त्या दुपारी फोन आला तो एका कॉलनीच्या अध्यक्षांचा. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलणं नेमकं, बैठकीला वेळेवर येणारे. ते स्वतः कामासाठी शहरात गेले होते. त्यांना रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं होतं. एक टोपीवाला माणूस परवा येऊन गल्लीगल्लीचे, कोपऱ्यांचे, देवळाचे, टाकीचे फोटो काढून गेलाय, आज पुन्हा आला तेव्हा पोरांनी धरून ठेवलाय, असं ते म्हणाले. "धरून ठेवलाय" या शब्दांचा अर्थ पोलिसाला बरोबर कळतो. मी मोटारसायकलवरच्या बीट मार्शलना तसंच पळवलं.

ते पोचेपर्यंत माणसाचा ओठ फुटला होता आणि सदऱ्याची दोन बटणं गेली होती. आणखी उशीर झाला असता तर प्रकरण कुठे गेलं असतं, याचा विचार मी आजही करत नाही. त्याला ठाण्यात आणलं तेव्हा मी पहिल्यांदा पाणी दिलं आणि मेडिकलला पाठवलं. हे मी दयेपोटी केलं असं कुणी समजू नये. ताब्यात घेतलेला माणूस जखमी असेल तर आधी डॉक्टर, मग प्रश्न, हा शहाणपणाचा नियम आहे.

माणूस पन्नाशी ओलांडलेला. पांढरा सदरा-पायजमा, टोपी, उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेलं उपरणं, पायांत नवी कोरी चप्पल. खिशात नांदगावहून आल्याचं एसटीचं तिकीट, तंबाखूची पुडी आणि मोबाइल. ओळखपत्र नाही. ग्रुपवर त्याचा फोटो एव्हाना घरोघर फिरला होता, पण त्यात तो पाठमोरा होता. दिसत होतं फक्त उपरणं, आणि खाली लिहिलं होतं, 'सावध राहा, टोळीचा माणूस'. टोळी कुठली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यात आमच्या ठाणे अंमलदाराने भर घातली. ठाणे अंमलदार म्हणजे दारात शिरल्यावर जो पहिला पोलीस टेबलापाशी भेटतो तो. हा जुना हवालदार होता आणि त्याची नजर चांगली होती. त्याने माणसाला न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हाच माणूस परवा आपल्या गेटसमोर उभा राहून ठाण्याच्या पाटीचा फोटो काढत होता. मग मात्र सगळ्यांचेच कान टवकारले. पोलीस ठाण्याचा फोटो काढून नेणारा चोर म्हणजे नुसता चोर नव्हे, तो आमची थट्टा करायला आलाय, असं आमच्या पोरांना वाटलं.

विचारपूस सुरू झाली. नाव विचारलं, गप्प. गाव विचारलं, गप्प. कुणाकडे आला होता, गप्प. सराईत गुन्हेगार गप्प बसत नाही, तो बोलतो. इतकं बोलतो की खरं काय ते त्यात बुडून जातं. निरपराध माणूस रडतो किंवा चिडतो. हा दोन्हीतलं काही करत नव्हता. खाली फरशीकडे बघत बसला होता. डीबीच्या, म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या पथकाच्या एका तरुण जमादाराने आवाज चढवला, तेव्हा त्याने फक्त एकदा मान वर केली आणि म्हणाला, "मारा साहेब. पन गावात फोन करू नका."

हे ऐकून जमादाराचा संशय पक्का झाला. परगावचा माणूस संशयावरून आणला की त्याच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावून खात्री करायची, ही आमची जुनी पद्धत. खरी माहिती तिथेच मिळते. ज्याला त्या फोनची भीती वाटते त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं, एवढं तर जमादाराचं बरोबर होतं.

मी फोन करणं थोडं थांबवलं आणि मोबाइल मागवला. त्याला कुलूपही नव्हतं. आत पन्नासेक फोटो, सगळे रस्त्यांचे. माणूस एकाही फोटोत नाही. कितीतरी फोटोंच्या कोपऱ्यात अंगठा आलेला. जमादाराने तोवर एक चांगला अहवाल मनात तयार ठेवला होता. तो मला एकेक फोटो सरकवून दाखवू लागला. पहिला आपल्या ठाण्याचा, मग बस थांबा, मग मेडिकल दुकान, दूध बूथ, कॉलनीची कमान, टाकी, मंदिर, मग आतली गल्ली, आणि सगळ्यात शेवटी एक बंगला. तो बंगला एका डॉक्टरांचा होता, आणि डॉक्टर मुलाकडे परदेशी गेलेले, घराला कुलूप. "साहेब, ठाण्यापासून बंद घरापर्यंतचा सगळा रस्ता आहे," तो म्हणाला, "पोलिसांना यायला किती वेळ लागतो ते मोजत असणार."

तर्क वाईट नव्हता. मीही तो जवळजवळ मान्य केला होता. पण कमानीच्या फोटोवर माझं बोट अडलं. त्या कॉलनीच्या कमानीचं उद्‌घाटन मला जबरदस्तीने करायला लावलं होतं, म्हणून ती मला चांगली आठवत होती. बाहेरून आत येताना तिच्यावर 'स्वागतम्' दिसतं. फोटोत मात्र 'धन्यवाद, पुन्हा या' होतं. म्हणजे फोटो काढणारा आत येत नव्हता, बाहेर निघाला होता.

मग मी जमादाराला गप्प केलं आणि सगळे फोटो पुन्हा पाहिले. मोबाइलमध्ये नवा फोटो आधी दिसतो आणि जुना शेवटी, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, पण आपण घाईत आपल्याला हव्या त्या दिशेने वाचतो. वेळ बघून उलटे लावले तेव्हा चित्रच बदललं. पहिला फोटो त्या बंद बंगल्याचा होता खरा, पण तो समोरच्या घराच्या फाटकात उभं राहून काढलेला होता. खालच्या कडेला त्या फाटकाची कडी दिसत होती. तिथून तो माणूस निघाला होता आणि प्रत्येक वळणावर थांबत, डोंगर डाव्या हाताला ठेवत, थेट आमच्या पाटीपर्यंत आला होता. एवढ्या फोटोंत ते घर एकदाही आलेलं नव्हतं. प्रत्येक फोटो त्याच्याकडे पाठ करून काढलेला होता. चोर घराकडे तोंड करून फोटो काढतो. मागची भिंत बघतो, गच्चीचा जिना बघतो, कुत्रा बघतो. घराकडे पाठ करून उभा राहणारा चोर मी तरी पाहिला नव्हता.

ते समोरचं घर कुणाचं, हे मी आठवत होतो, तेवढ्यात बाहेर गलका झाला. कॉलनीचे अध्यक्ष चार-पाच रहिवाशांना घेऊन आले होते. त्यांचा भरदार आवाज माझ्या खोलीपर्यंत येत होता. इतका वेळ दगडासारखा बसलेला तो माणूस उठला, दाराच्या आडोशाला गेला आणि उपरणं तोंडावरून ओढून घेतलं. जमादाराने आवाज चढवला तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता. मला त्याच क्षणी आठवलं की ज्या फाटकातून फोटो सुरू झाले ते घर अध्यक्षांचं आहे.

मी जमादाराला बाहेर पाठवलं, पाहुण्यांना चहा द्यायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. म्हटलं, बाबा, त्या घरात तुमचं कोण आहे?

त्याने तोंडावरचं उपरणं बाजूला केलं. मग म्हणाला, "अजून कुनी नाय साहेब. दिवाळीनंतर पोरगी येनार हाय तिथं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अध्यक्षांच्या मुलाचं स्थळ त्याच्या धाकट्या मुलीला आलं होतं. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, पसंती झाली होती, सुपारी फुटायची बाकी होती. अध्यक्ष आणि त्यांच्या घरच्यांनी याला दोनदा पाहिलेलं, एका पंगतीला जेवलेले. आज त्यांनी याला फाटक्या सदऱ्यात, फुटलेल्या ओठाने, चोर म्हणून बघितलं असतं तर काय झालं असतं, हे मला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. आणि गावात फोन गेला असता तर संध्याकाळपर्यंत पारावर बातमी झाली असती.

सोयरीक जुळवताना आपल्याकडे गुपचूप चौकशी करतातच. किराणावाल्याला विचारतात, शेजाऱ्याला विचारतात, मुलगा पितो का, सासू कशी आहे. आम्हा पोलिसांपेक्षा जास्त चौकशी तर मुलीचे मामा करतात. पण रस्त्यांचे फोटो कशाला? मी तसं विचारलं, आणि त्याने मोठ्या मुलीचं सांगितलं.

मोठीचं लग्न त्याने काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात, अशाच रो-हाऊसच्या वस्तीत लावून दिलं होतं. वरात थेट दारात गेली. माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून भाऊ जायचा, तोही गाडी घेऊन दारात. बाजाराला जायचं तर नवऱ्यामागे गाडीवर, नाहीतर नाहीच. मुलीला त्रास सुरू झाला, मग मार सुरू झाला, आणि मोबाइल काढून घेतला. एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून ती नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडली. कुठे जायचं हे तिने ठरवलं होतं. बस स्टँडवर, नाहीतर पोलिसांत. पण दोन्ही कुठल्या बाजूला आहेत, हेच तिला माहीत नव्हतं. सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळी फाटकं सारखी. कुणाला विचारावं तर सासरच्यांच्या ओळखीचं निघेल ही धास्ती. उन्हात फिरत फिरत ती पुन्हा त्याच फाटकासमोर येऊन उभी राहिली, आणि सासूने तिला हाताला धरून आत नेलं. त्यानंतर तिने तिथे आणखी वर्षभर काढलं. ते कसं काढलं, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता ती माहेरी होती.

"लग्नाआधी आमी जीपभर मानसं घर बघाया गेलतो साहेब," तो म्हणाला. "फरशी बघितली, वट्टा बघितला, नळाला पानी किती वेळ येतं ते इचारलं. रस्ता कुनीच नाय बघितला."

एवढं बोलून तो रडला. मी नोकरीत रडणारी माणसं खूप पाहिली, त्यांच्यासमोर कागद सरकवत बसायची सवय झालेली असते. त्या दिवशी मला कागद सरकवता आला नाही. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

मोबाइलवर नकाशा असतो की, असं मी मूर्खासारखं विचारलं. तो म्हणाला की मोबाइल तर पहिला काढून घेतात. म्हणून हे फोटो तो धुऊन घेणार होता आणि लग्नाआधी मुलीकडून पाठ करून घेणार होता. फाटकातून निघालं की डॉक्टरांचा बंगला, मग मंदिर, टाकीपाशी वळायचं, डोंगर डाव्या हाताला. ही कल्पना मोठ्या मुलीची होती. मुलीलाच एकदा आणून रस्ता दाखवायचा, तर लग्नाआधी सासरच्या गल्लीत मुलगी फिरली म्हणून बोभाटा. आणि मुलाकडच्यांना मोकळेपणाने सांगायचं तर, तो म्हणाला, "अक्षता पडायच्या आधीच पोरगी पळून जायचा रस्ता शोधते, आसं म्हनतील." परवा काढलेल्या फोटोंत काही उन्हाने पांढरे पडले होते, तेवढे पुन्हा काढायला तो आज आला होता. पहिला फोटो काढायच्या आतच पोरांनी धरलं.

हे लोक वाईट आहेत असा काही संशय आहे का, मी विचारलं. तो लगेच म्हणाला की नाही, माणसं चांगली आहेत. मग म्हणाला, "पहिलीचीबी चांगलीच वाटली व्हती."

खात्री तर करायलाच हवी होती. रडणारा प्रत्येक माणूस खरं बोलतो असं मानून पोलीस ठाणं चालत नाही. पोलीस पाटलाला फोन करायची पद्धत आहे, पण तसा लेखी नियम नाही, हे मला त्या दिवशी प्रथमच सोयीचं वाटलं. मी त्याच्याच मोबाइलवरून मोठ्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला. युनिफॉर्म बघून ती घाबरली, पण तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "सर, अण्णांना कुणी मारलं का?" मी खरं ते सांगितलं. मग तिने वडिलांचं आधार कार्ड आणून कॅमेऱ्यासमोर धरलं आणि "फोटो मीच काढायला लावले, जे असेल ते मला विचारा," असं सांगितलं. आवाज जराही कापला नाही. नावावर आम्ही गुन्ह्यांची नोंद तपासली, ती कोरी निघाली.

आता बाहेर चहा घेऊन बसलेल्या मंडळींचा प्रश्न होता. अध्यक्ष रास्त रागात होते. एकदा त्या माणसाचं तोंड आम्हाला दाखवा, कॉलनीतल्या सगळ्यांना ओळखून ठेवू दे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आणि त्यांच्या होणाऱ्या व्याह्यांच्या मध्ये माझ्या खोलीचं प्लायवुडचं दार होतं. मी शांतपणे सांगितलं की संशयिताचा चेहरा असा दाखवता येत नाही. उद्या ओळख परेड घ्यायची वेळ आली तर ती बाद होते. हा नियम खरा आहे. आयुष्यभर त्याने माझी डोकेदुखी वाढवली होती, त्या एका दिवशी तो माझ्या कामी आला. पुढे सांगितलं की पडताळणी झाली आहे, माणूस गुन्हेगार नाही, परगावचा आहे, रस्ता समजून घेत होता. यात एकही शब्द खोटा नव्हता.

नंतर मी आवाज जरा कडक केला. ज्यांनी हात उचलला त्यांच्यावर मारहाणीची तक्रार होऊ शकते आणि ग्रुपवरचा तो फोटो आत्ताच्या आत्ता काढायचा, हे सांगितलं. अध्यक्ष शहाणे होते. त्यांनी माझ्यासमोर फोटो काढायला लावला आणि पोरांच्या वतीने माफी मागितली. म्हणाले, त्या गृहस्थाला सांगा, आमच्या कॉलनीची अशी रीत नाही. मला त्या क्षणी त्यांना सगळं सांगून टाकावंसं वाटलं. माणूस बरा दिसत होता. पण ते गुपित माझ्या मालकीचं नव्हतं. मी फक्त निरोप पोचवतो म्हणालो.

मंडळी गेल्यावर मी आत आलो. त्याला तक्रार द्यायची का विचारलं, तो नाही म्हणाला. मग मोबाइल परत देताना मी म्हटलं की बाबा, तुमचं काम अर्धवट राहिलंय. नुसती पाटी बघून मुलगी आत कशी येईल? गेटवर बंदूकवाला उभा, आत सगळे मिशीवाले. त्याला घेऊन मी महिला मदत कक्षात गेलो. तिथे आमच्या एक महिला हवालदार बसत, अनुभवी आणि तोंडाने फटकळ बाई. त्यांना थोडक्यात सांगितलं आणि फोटोसाठी उभं राहा म्हटलं. त्या ओळखपत्राचा फोटो असावा तशा ताठ उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बाई, जरा हसा, मुलगी पळून जायची उलट्या पावली. तेव्हा कुठे त्या हसल्या. त्या माणसाने दोन्ही हातांनी मोबाइल धरून फोटो काढला. त्याचा ओठ सुजलेला होता, तरी तो पहिल्यांदा हसला.

स्टेशन डायरीत मी लिहिलं: संशयावरून एक इसम आणला, चौकशी केली, आक्षेपार्ह काही आढळलं नाही, समज देऊन सोडलं. समज कुणी कुणाला दिली, याचा रकाना डायरीत नसतो.

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली. अध्यक्षांच्या घरावर रोषणाई झाल्याचं बीट मार्शलने सांगितलं. पत्रिका मलाही आली होती, ठाण्याच्या प्रभारीला येते तशी. मी गेलो नाही. मला बघून त्या माणसाच्या घशाखाली घास उतरला नसता.

पुढे थंडीतल्या एका सकाळी मी हजेरी आटोपून खोलीत येत होतो, तर महिला कक्षात एक नवी नवरी बसलेली दिसली. हातांत हिरवा चुडा, मेंदी उतरत आलेली, पायांत चालायचे बूट. एवढ्या लवकर, असं मनात आलं. पण महिला हवालदार हसत होत्या. मुलगी आत येऊन थेट त्यांच्यासमोर उभी राहिली होती आणि तुमचाच फोटो माझ्याकडे आहे, त्यात आमच्या अण्णांचा अंगठापण आलाय, असं म्हणाली होती.

मला बघून ती उठली. मी काय तक्रार आहे विचारायच्या आतच म्हणाली, "तक्रार काही नाही सर. रस्ता बरोबर आहे का, ते एकदा चालून बघायचं होतं." दूध बूथपाशी फोटोत पिंपळ होता तो रस्ता रुंद करताना तोडलाय, त्यामुळे तिथे ती जरा चुकली होती, मग डोंगर बघून परत वळली होती. ताईला तेवढं कळवणार होती. घरी सगळं छान आहे, मोबाइल तिच्याकडेच आहे, असंही तिने आपणहून सांगितलं.

घरी काय सांगून आलीस, मी विचारलं. ती म्हणाली की सकाळी चालायला जाते म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, मीपण येते, मीही कधी या बाजूला पायी आले नाही. त्या बाहेर थांबल्या होत्या.

मी गेटपर्यंत गेलो. पन्नाशीची एक बाई, शाल पांघरलेली, आमच्या पाटीकडे बघत उभी होती. कॉलनी वसली तेव्हापासून त्या इथे राहत होत्या. मी नमस्कार केला, आत या, चहा घ्या म्हटलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. सुनेला इथे काय काम होतं, हे त्यांनी मला विचारलं नाही. सून बाहेर येईपर्यंत त्या एकदा पाटीकडे आणि एकदा आलेल्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "एवढं जवळ आहे होय." आणि दोघी बरोबरीने परत गेल्या.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत महिलांच्या ज्या ज्या बैठका मी घेतल्या, त्यात हेल्पलाइनचे नंबर सांगायच्या आधी मी एक गोष्ट सांगत असे. म्हणायचो, तक्रार असो नसो, एकदा आपल्या घराच्या फाटकातून निघून पोलीस ठाण्यापर्यंत एकट्या पायी या. कमान कुठे, टाकी कुठे, कुठे वळायचं, ते बघून ठेवा. आम्ही काही विचारणार नाही, पाणी पिऊन परत जा. बहुतेक जणी हसत. साहेबांना काय, रिकामा उद्योग, असंही कुणी म्हणे. एक-दोघी मात्र हसत नसत. बैठक संपल्यावर त्यांची घरं कुठली ते बघून ठेवायला मी महिला हवालदारांना सांगत असे.